एमएमआरचं (मुंबई महानगर प्रदेशाचं) पाणी: प्रत्येक शहराचं आपलं आपलं धरण आणि एकत्र यायला लागलेला उशीर

ठाणे जिल्ह्यात उन्हाळा जवळ आला की पाणीकपातीचं वेळापत्रक येतंच, अमुक वारी २४ तास पाणी बंद, आणि लोक दरवर्षी तेच विचारतात की कोकणात एवढा पाऊस पडतो तरी आपल्यावर ही वेळ का. त्यासाठी थोडं मागे जायला लागेल.

सुरुवात मुंबईपासून. १८६० ला विहार तलाव झाला, मग तुळशी, आणि १८९२ ला थेट शहापूरकडचा तानसा. तेव्हापासून सवयच लागली, शहराला पाणी कमी पडलं की अजून आत जायचं, धरण बांधायचं आणि मोठाले पाइप टाकून पाणी घेऊन यायचं. १९५७ चा मोडक सागर, ७० च्या दशकातलं अप्पर वैतरणा, नंतर भातसा, २०१४ चं मध्य वैतरणा. आज मुंबईला रोज ३८०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी मिळतं आणि त्यातलं साधारण निम्मं एकट्या भातसाचं.

आणि ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी निघतं तिथल्या पाड्यांवर मार्च-एप्रिलपासून टँकर फिरतात. बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरतात, हे फोटो दरवर्षी पेपरात येतात आणि आपण पान उलटतो. कहर म्हणजे शहापूरच्या गावांसाठी जी मोठी योजना मंजूर झाली ती इगतपुरीच्या भावली धरणातून पाणी आणायची, तालुक्यात एवढी धरणं असताना! हे मला कधीच पटलेलं नाही.

आता सगळ्या प्रदेशाचा एकत्र विचार करायची कल्पना नव्हतीच असं नाही. १९६७ ला मुंबईसाठी प्रादेशिक नियोजन मंडळ नेमलं गेलं, १९७३ ला प्रादेशिक योजना मंजूर झाली, १९७५ ला एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आली. पण पाणी मात्र वाटलेलंच राहिलं, मुंबईचं महापालिकेकडे, भातसा पाटबंधारेकडे, बारवी धरण एमआयडीसीकडे, बाकी कुठे पाणीयोजना बघणारं राज्याचं जीवन प्राधिकरण तर कुठे सिडको. दरम्यान ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, उल्हासनगर, मग भिवंडी, मिरा-भाईंदर, वसई-विरार, शेवटी २०१६ ला पनवेल, अशा एकामागून एक महापालिका झाल्या, आणि बिल्डिंगींना परवानग्या आधी, पाणी कुठून आणायचं ते नंतर.

यातला सगळ्यात बोलका भाग उल्हास नदीचा आहे. टाटांच्या आंध्रा धरणाचं पाणी भिवपुरीला वीज तयार करून या नदीत येतं, खाली बारवीचं पाणी सोडतात, आणि बदलापूरपासून शहाड-टेमघरपर्यंत एकेक शहर आणि एमआयडीसी आपापल्या पंपानं उचलत जातात. वर कुणी कोट्यापेक्षा जास्त उचललं की खालच्याचा पंप कोरडा. म्हणून पावसाळ्यापर्यंत साठा पुरवायला पाटबंधारे खातं सगळ्यांना मिळून कपात लावतं. म्हणजे या नदीवर सगळी शहरं मिळून जे एक वेळापत्रक पाळतात, ते टंचाईचं.

चांगलं उदाहरणही इथलंच आहे, स्टेम. शहाड-टेमघर योजना आधी जीवन प्राधिकरणाकडे होती, पुढे ठाणे, भिवंडी, मिरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांनी मिळून कंपनी केली. पंप एक, शुद्धीकरण एक, पाणी वाटून. तरी ठाण्याला आजही चार ठिकाणांहून पाणी घ्यावं लागतं, स्वतःची योजना, स्टेम, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका, आणि एकीकडे शटडाऊन असला की तेवढाच भाग कोरडा.

नवी मुंबईनं वेगळा रस्ता धरला, मोरबे धरणच विकत घेतलं आणि ती सुटली. तिच्या दृष्टीनं शहाणपणाचंच, पण सगळ्याच शहरांना असं धरण कुठून मिळणार?

नंतर एमएमआरडीएनं सूर्या योजना घेतली, ४०३ दशलक्ष लिटर, १८५ वसई-विरारला आणि २१८ मिरा-भाईंदरला. दोन शहरांना एक योजना, हे बरोबरच. पण सूर्या धरण मुळात डहाणू-पालघरच्या शेतीसाठी बांधलेलं, त्यामुळे तिथले शेतकरी आणि आदिवासी आपलं सिंचनाचं पाणी जातंय म्हणून विरोधात उभे राहिले, आणि त्यांचं चूक कसं म्हणायचं. मुरबाडच्या काळू धरणाचं तर काम वनखात्याच्या परवानगीशिवायच सुरू झालं, मग श्रमिक मुक्ती संघटना कोर्टात गेली आणि २०१२ ला हायकोर्टानं ते थांबवलं. ज्यांची जमीन बुडणार त्यांना शेवटी विचारलं की हे असं होतं, आणि वर्षं शहरांचीही वाया जातात.

२०२५ ला मंत्रिमंडळानं कर्जत तालुक्यातल्या पोशीर आणि शिलार या धरणांना मंजुरी दिली. पोशीरमध्ये पाणी घेणाऱ्या शहरांनी खर्च आपापसात वाटून घ्यायचा असं ठरलंय, म्हणजे निदान धरण बांधायच्या आधी शहरं एका टेबलावर आली. त्या टेबलावर कर्जतच्या गावांना खुर्ची आहे का आणि त्यांच्या वाट्याचं पाणी आत्ताच कागदावर येणार का, हे आपल्या नगरसेवकांना आणि आमदारांना विचारायला हवं, पाइप पडायच्या आधी.