पिसं गेली, पण कुठली?

दिवाळी नुकतीच सरली होती. शेजारच्या काकी कोंबडी काखेत मारून आल्या. "गे, हिका काय झाला बघ मगे. पिसां गेली, अंडी पण बंद." मान उघडी, शेपटी जवळजवळ नाही, आणि अंगभर करंजाच्या तेलाचा वास. औषध आधी, तपासणी मागाहून, हा आमच्याकडचा क्रम.

मी मानेवरून उलटा हात फिरवला. कातडीतून काट्यांसारखी निळसर टोकं वर आली होती. ही नव्या पिसांची नळकांडी. त्यांत रक्त खेळत असतं, म्हणून या दिवसांत उचललेलं कोंबडीला सोसत नाही. कोकणात जूनमधला दिवस सुमारे १३ तासांचा, डिसेंबरातला ११ तासांचा. तेवढा फरक तिला पुरतो. दिवस आखडू लागले की अंडी थांबतात आणि जुनी पिसं गळतात, आधी डोकं-मान, मग छाती-पाठ, शेवटी पंख आणि शेपटी. साधारण ८ ते १२ आठवडे हे चालतं. पिसाचा सुमारे ८५ टक्के भाग प्रथिनांचा, त्यामुळे नुसत्या कण्यांवर भागत नाही. बिनमिठाचा सुका जवळा मूठभर टाकला तर बरं. औषध काहीच नको.

पण टक्कल कुठे पडलंय ते बघायचंच. पाठीवर पडलं असेल तर बहुधा कोंबड्याच्या नख्यांचं काम. खुडूक कोंबडी छातीची पिसं स्वतःच उपटते, उघड्या कातडीची ऊब अंड्यांना मिळावी म्हणून. शेपटीच्या बुडाशी रक्ताळलेलं दिसलं, तर बाकीच्या टोचत असणार. पावसात दिवसभर कोंडल्या की हे हमखास होतं. जखमी कोंबडी लगेच वेगळी ठेवावी. लाल रंग दिसला की सगळ्या तिथेच चोच मारतात.

गुदद्वाराभोवती आणि पंखांखाली पिसं बाजूला करून बघा. पिवळसर किडे पळताना दिसले आणि पिसांच्या बुडाला पांढऱ्या लिखांचे गोळे चिकटलेले असले, तर त्या उवा. त्या माणसाच्या अंगावर राहत नाहीत. कोंबडी त्यांचा बंदोबस्त एरवी स्वतःच करते, कोरड्या मातीत लोळून. धुळीने उवा झडतात, पिसांवरचं जादा तेलही टिपलं जातं. आपल्याकडे मात्र जून ते सप्टेंबर परसात कोरडी माती असते कुठे? म्हणून पावसाळ्यात पडवीच्या कोपऱ्यात एक जुनी पाटी ठेवावी: वाळू, कोरडी माती आणि चुलीतली चाळलेली, पूर्ण विझलेली राख. मला विचाराल तर हा सगळ्यांत स्वस्त उपाय. उवा फारच झाल्या तर पशुवैद्यकाला विचारून पावडर चोळावी आणि १० दिवसांनी पुन्हा चोळावी, कारण लिखांवर पहिल्या खेपेचा परिणाम होत नाही.

लाल किड्यांची गोष्ट उलटी. कोळ्याच्या कुळातले हे जीव रात्री कोंबडीचं रक्त पितात आणि दिवसा खुराड्याच्या फटींत लपतात. त्यामुळे सकाळी कोंबडी कितीही चाळा, सापडत नाहीत. तुरा फिका पडतो, आणि संध्याकाळ झाली तरी कोंबड्या खुराड्यात शिरायला नाखूश असतात. रात्री बॅटरी घेऊन जा, बसायच्या दांड्याच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं फिरवा. लाल रेघा उमटल्या की ओळखावं. जांभ्याच्या चिऱ्यांना तर भोकंच भोकं, किड्यांना आयतं घर! उबदार हवेत आठवड्या-दीड आठवड्यात नवी पिढी तयार होते, आणि रक्त न मिळताही ते महिनोन्महिने तग धरतात. इथे औषध कोंबडीपेक्षा खुराड्याला हवं. जुना पेंढा जाळा, सांध्यांत उकळतं पाणी ओता, भोकं लिंपा, आठवड्याने पुन्हा तेच. फवारणी केलीत तर उरलेलं औषध वहाळात ओतू नका, मासे मरतात.

पायाचे खवले उचकटून खाली चुन्यासारखे पापुद्रे दिसले, तर ती पायाची खरूज. रॉकेल किंवा डिझेल लावायची चाल अजून आहे. त्याने कातडी भाजते. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवून सुटेल तेवढंच अलगद काढावं आणि व्हॅसलिनचा जाड थर द्यावा. आतले किडे गुदमरतात. दोन-तीन दिवसांनी पुन्हा, असं काही आठवडे. इंजेक्शन किंवा थेंबांचं औषध डॉक्टरांकडूनच घ्यावं आणि अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही विचारून घ्यावं.

तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती चामखिळींसारखे फोड आले तर देवी. हा विषाणू, माणसाला लागत नाही. पोरांच्या कांजिण्यांचा याच्याशी काही संबंध नाही, त्यांचं 'चिकनपॉक्स' हे इंग्रजी नाव फसवं आहे. विषाणूवर औषध नाही. बहुतेक कोंबड्या तीन-चार आठवड्यांत सावरतात, पण फोड तोंडात-घशात आले तर दगावतात. लस आहे, ती आधी द्यावी लागते. आजार पसरवतात मुख्यतः डास.

काकींची कोंबडी ठणठणीत होती. पण तिला सोडायला गेले तेव्हा खुराड्यामागे करवंट्यांचा ढीग दिसला, प्रत्येकीत पावसाचं पाणी आणि वळवळणाऱ्या अळ्या. त्या आम्ही दोघींनी पालथ्या घातल्या.