आयात धान्याच्या तपासणीची पार्श्वभूमी : रंगूनच्या तांदळापासून न्हावा-शेवापर्यंत

कोकणात भात पिकत असले तरी ते घरोघरी वर्षभर पुरत नसे आणि उरलेले महिने नाचणी-वरीवर काढावे लागत, त्यामुळे बाहेरून आलेले धान्य या किनाऱ्याला नवे नव्हते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रह्मदेशातला तांदूळ मुंबईत उतरत असे आणि तेथून बोटींनी कोकणातल्या बंदरांकडे जात असे. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग असल्याने हा तांदूळ परदेशी मालात मोडतच नव्हता. परदेशी मालासाठी असलेल्या १८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्याची नजरही मुख्यत्वे महसुलावर होती, दाण्याच्या प्रतीवर नव्हे. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती गेले, आवक तुटली आणि १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले.

यानंतर सरकार स्वतःच मोठा आयातदार बनले. ऑगस्ट १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० (सवलतीत धान्य देण्याच्या अमेरिकी कायद्याखालचा) करार होऊन गव्हाची जहाजे येऊ लागली. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने भेसळयुक्त अन्नाच्या आयातीला मनाई केलेली होती; पण टंचाईच्या काळात पोते परत पाठवण्याची ऐपत कोणाला होती? शिधापत्रिकेवरचा गहू सुपात पाखडून त्यातले खडे आणि अनोळखी बी वेचून काढणे, ही ग्राहकाच्या दृष्टीने शेवटची आणि बहुधा सर्वांत काटेकोर तपासणी होती. गाजर गवत याच गव्हातून आले, असे आजही छातीठोकपणे सांगितले जाते. मात्र पुण्यात त्याची नोंद १९५५ च्या सुमारास, म्हणजे कराराच्या आधी झाली होती, तेव्हा हा आरोप जपूनच करायला हवा.

किडींविरुद्धचा कायदा तसा जुना, १९१४ चा. परंतु त्याखाली निघालेल्या आदेशांचा भर दीर्घकाळ बियाणे आणि रोपांवर राहिला. खाण्यासाठी येणाऱ्या धान्याकडे तितके लक्ष नव्हते. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा वनस्पती व अन्न आरोग्यविषयक करार लागू झाल्यावर आयातीवरची बंधने शास्त्रीय आधारावर मांडणे भाग पडले, आणि १ जानेवारी २००४ पासून अमलात आलेल्या वनस्पती विलगीकरण आदेशाने धान्यासाठीही देशवार अटी घातल्या : निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, ठरावीक किडींपासून मुक्तता, अनेक मालांना मिथाइल ब्रोमाइड या कीडनाशक वायूची धुरी. या अटी पुढे अनेकदा सैल झाल्या. २००६ मध्ये गव्हाची मोठी आयात करताना तणबियांच्या निकषांवरून वादही झाला. बाजारभाव चढले की नियम वाकतात, असा आरोप तेव्हापासून वारंवार होतो, आणि तो निराधार म्हणता येत नाही.

या सगळ्या कायद्यांना अडकवण्याची खुंटी मात्र १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातच आहे. आयातदार बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे घोषणापत्र, भरतो, आणि शुल्क भरलेले आहे व माल मनाईतला नाही याची खात्री झाल्यावरच अधिकारी तो सोडतो. ‘मनाईतला नाही’ या एका अटीतून किडी पाहणारा वनस्पती विलगीकरण विभाग आणि अन्नाचा दर्जा पाहणारे अन्नसुरक्षा प्राधिकरण दोघेही आत येतात. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरात, उरणच्या बाजूला, हे रोज घडते. म्यानमार आणि आफ्रिकेतली तूर कंटेनरमधून येते, कंटेनर उघडला जातो, वेगवेगळ्या पोत्यांत पोकळ टोकदार सळई खुपसून दाणे काढले जातात आणि कीड, ओल, बुरशी पाहिली जाते.

अन्नसुरक्षेचा कायदा २००६ चा, त्याखालील मानके २०११ ची आणि आयातीचे स्वतंत्र विनियम २०१७ चे आहेत. गव्हात ओलावा १४ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. प्राधिकरणाचा प्राधिकृत अधिकारी नमुन्याचे दोन भाग करतो, त्यांतला एक प्रयोगशाळेत जातो आणि तिने पाच दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल लांबला तर कंटेनरचे भाडे आणि बंदराचे शुल्क चढत जाते. तो खर्च आयातदार डाळीच्या दरात धरतो आणि चिपळूण-सावंतवाडीचा किराणा दुकानदार तो पुढे गिऱ्हाइकावर टाकतो. २०१६ पासून एकखिडकी संगणकीय प्रणालीत अर्ज एकच भरावा लागत असला, तरी त्यावर मंजुरी देणारी खाती वेगवेगळीच राहिली आहेत.