फिनिशिंगच्या दगडाची वाटी झाली असेल तर आधी हे वाचा

आठवड्यातून दोन-तीन जण तरी दुकानात येऊन हेच सांगतात, की वस्तरा टोकाला कापतो, मुठीकडे कापतो आणि मधेच नुसता ओढतो, धारेवर शेवटचा हात फिरवायचा फिनिशिंगचा दगड तर चांगला १२००० ग्रिटचा घेतलाय (ग्रिट म्हणजे कणांचा आकडा, जेवढा मोठा तेवढा दगड बारीक), मग चुकतंय कुठे. आम्ही पहिलं विचारतो, दगड आणलाय का? नव्वद टक्के वेळा नसतो आणलेला. मग पुन्हा ट्रेन पकडून घरी, पुन्हा दुकानात, तुमचा पण दिवस जातो आणि आमचा पण. म्हणून हे लिहून ठेवलंय.

वस्तरा दगडावर कसा धरायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकवून धारेकडून पुढे ढकलायचं आणि चामड्याच्या पट्ट्यावर उलटं, पाठीकडून ओढायचं, हे तुम्हाला माहितीच आहे असं धरून चालतो. इथे विषय फक्त दगडाचा.

घरात देवपूजेची सहाण बघितली असेल ना, वर्षानुवर्षं चंदन उगाळून मधे कशी खोल जाते. तुमच्या दगडाचं पण तेच होतं, फक्त इतकं हळू की डोळ्याला दिसत नाही. सहाणेला खोलगटपणा चालतो, उलट गंध साठायला बरं पडतं. पण वस्तऱ्याचं पातं सरळ असतं, ते खोलगट दगडावर आडवं ठेवलं की दोन्ही कडांवर टेकतं आणि मधे अधांतरी राहतं. शंभर हात मारा नाहीतर पाचशे, मधल्या धारेला दगड लागतच नाही. मग लोक वैतागून जोर लावतात, आणि जोर लावला की पातळ पातं वाकतं आणि टोक अजून झिजतं. खात्री करायची असेल तर धारेला मार्कर फासा आणि दोन-तीन हात हलके मारा, शाई जिथे तशीच राहिली तिथे दगड पोचत नाहीये.

नवीन दगड सपाटच असतो हा पण एक गैरसमज. बऱ्याचदा नसतो. स्टीलची पट्टी उभी धरून दगडावर टेकवा आणि मागून ट्यूबलाइटचा उजेड बघा, फट दिसली तर समजा काम आहे.

आता सपाट करायची पद्धत. जाड फ्लोट काच घ्या, १० मिमीची असेल तर उत्तम, काचवाल्याकडे उरलेला तुकडा मिळून जातो. त्यावर हार्डवेअरवाल्याकडचा काळा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा, आधी २२० किंवा ४००, मग ६००, शेवटी १०००. दगडावर साध्या पेन्सिलीने उभ्याआडव्या रेघा मारा, जाळीसारख्या, आणि पाणी टाकत आठचा आकडा काढल्यासारखं घासा. मधून मधून दगड फिरवून धरा, नाहीतर हाताचा जोर एकाच बाजूला पडतो. डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली धातूची पाटी असेल तर अजून सोपं, ती आमच्याकडे आहे, पण सक्ती नाही, काच आणि पेपरवर पण काम अगदी व्यवस्थित होतं.

आणि इथेच ती चूक होते ज्यासाठी हा सगळा कागद लिहिलाय. कडेच्या रेघा आधी जातात, मधल्या राहतात. कारण सोपं आहे, मधेच तर खड्डा आहे. पंधरा-वीस मिनिटं घासून हात दुखायला लागतात, मधे एक पुसटशी रेघ दिसत असते आणि माणूस म्हणतो, चालतंय की. नाही चालत. ती पुसट रेघच सांगत असते की खड्डा अजून आहे, आणि वस्तऱ्याची धार इतकी बारीक असते की तिला तेवढा खड्डा पुरतो. शेवटची रेघ जाईपर्यंत घासा, मग पुन्हा जाळी काढा आणि पुन्हा घासा. दुसऱ्या वेळी सगळ्या रेघा चार-पाच हातांत एकदमच गेल्या तर दगड सपाट झाला. आम्ही तिसऱ्यांदा पण काढतो, हसा हवं तर.

एक गिऱ्हाईक डोंबिवलीवरून आले होते, त्यांनी दगड बाथरूमच्या शहाबादी फरशीवर घासून आणला होता. दगडाला फरशीचा उतार आला होता, वर चरे, आणि तक्रार अशी की दगडच खराब निघाला!

घासून झाल्यावर दगडाच्या कडा थोड्या मारून, म्हणजे घासून गोलसर करून घ्या, धारदार कड राहिली तर वस्तरा तिथे अडकतो आणि कपचा उडतो. मग दगड वाहत्या पाण्याखाली जुन्या टूथब्रशने नीट धुवा, कडा पण. २२० च्या पेपरचा एक कण साठ-सत्तर मायक्रॉनचा, म्हणजे जवळजवळ डोक्याच्या केसाएवढा जाड, आणि तुमच्या फिनिशिंग दगडाचे कण एक-दोन मायक्रॉनचे. असा एक जरी कण दगडावर राहिला तर तासाभराची मेहनत एका हातात गेली. घासताना निघालेला हा चिखल किचनच्या सिंकमध्ये सोडू नका, पाइप तुंबेल आणि घरात बोलणी खाल ती वेगळी. बादलीत करा.

दगडादगडात फरक असतो हे पण बघा. काही सिंथेटिक दगड मॅग्नेशियाने बांधलेले असतात, ते पाण्यात बुडवून ठेवले किंवा उन्हात वाळवले तर तडकतात, नुसतं पाणी शिंपडून वापरायचे आणि सावलीत वाळवायचे. पावसाळ्यात दोन दिवस लागले तरी लागू दे, हेअर ड्रायर नको. बेल्जियमचा पिवळसर कोटिक्यूल दगड वापरत असाल तर धार लावताना त्यावरचा चिखल गंधाइतका दाट करून सुरुवात करा आणि हळूहळू पाणी वाढवत शेवट स्वच्छ पाण्यावर करा. अमेरिकेचा आर्कान्सा दगड फार टणक, तो डायमंड प्लेटवर घासू नका, प्लेटच बोथट होते, त्याला काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पावडर लागते आणि धीर लागतो.

काही जण म्हणतात, आमच्या गावचा न्हावी धोकटीतून एवढासा दगड काढायचा, त्याने कधी सपाट केला नाही आणि दाढी लोण्यासारखी करायचा. बरोबर आहे. पण त्याचा हात रोजचा होता, दगड अरुंद होता आणि तो अख्खा दगड वापरायचा. आपण रविवारी अर्धा तास बसणार आणि फक्त मधलाच भाग झिजवणार.

आणि पैशाचं. धार लावायचे वेगळे आणि दगड सपाट करायचे वेगळे का घेता, असं विचारतात. वाटी झालेल्या दगडावर घासलेला वस्तरा आला की आम्हाला थेट १००० वर जाऊन बेवल, म्हणजे धारेचा उतार, नव्याने बसवावा लागतो, मग ५०००, ८०००, १२०००, म्हणजे पंधरा मिनिटांच्या कामाचा तास होतो. दगड सपाट असेल तर बहुतेक वेळा नुसत्या १२००० वर आणि पट्ट्यावर भागतं आणि बिल पण तेवढंच कमी. आमच्याकडून घेतलेला दगड पहिल्यांदा आम्हीच सपाट करून, कडा मारून देतो, त्याचे पैसे नाहीत. बाहेरून घेतलेला असेल तर ३०० रुपये, आणि उभं राहून बघायचं असेल तर बघा, शिकवायला आमची ना नाही.

आजोबांचा जर्मनीतल्या सोलिंगेनचा किंवा इंग्लंडमधल्या शेफिल्डचा वस्तरा आणणार असाल तर घरी आधी काही करू नका, गंज असेल तर तसाच आणा. दगड जुन्या टॉवेलात गुंडाळा, वस्तरा मिटवून वेगळ्या डबीत ठेवा, आणि संध्याकाळी सहानंतर येऊ नका, तेव्हा सलूनच्या कात्र्यांची गर्दी असते.