स्नेकहेड की बोफिन? फ्लोरिडाच्या कालव्यात गळाला लागलेला मासा आधी पोटाकडून बघा

दक्षिण फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत घरांच्या परसामागून, गोल्फच्या मैदानांच्या कडेने आणि महामार्गांच्या पुलांखालून कालवेच कालवे आहेत. दलदलीच्या जमिनीवर शहरं वसवायची तर पाण्याचा निचरा व्हायला हवा, म्हणून ते खणले गेले. आज त्या पाण्यात मध्य अमेरिकेतला मायन सिक्लिड आहे, दक्षिण अमेरिकेतला ऑस्कर आहे, आग्नेय आशियातला क्लाउन नाइफफिश आहे. गळाला काय लागेल याचा नेम नसतो आणि इथे मासे धरण्यातला आनंदही तोच. पण एखादा लांबट, गडद, दातेरी तोंडाचा मासा वर आला आणि त्याच्या शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा काळा ठिपका दिसला, तर घाई करू नका. तो बुल्सआय स्नेकहेड असेल तर तो आशियातून आलेला परका मासा आहे, पाण्यात परत सोडायचा नसतो. बोफिन असेल तर तो इथला मूळचा रहिवासी आहे, त्याला परका समजून मारू नका.

घोटाळा होतो तो या ठिपक्यामुळेच. ‘स्नेकहेडच्या शेपटीवर नारिंगी कड्याचा डोळा असतो’ एवढंच ऐकून आलेला माणूस बोफिनच्या नराला हमखास स्नेकहेड म्हणतो, कारण त्याच्याही शेपटीच्या वरच्या बुडाशी तसाच, पिवळ्या-नारिंगी कडेचा ठिपका असतो. बाकीचं रूपही मिळतंजुळतं: नळकांड्यासारखं अंग, गोलसर शेपटी, पाठभर पसरलेला एकच लांब पर. दोघेही पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेतात. दोघांनाही झुडपांच्या सावलीतलं, गवताने दाटलेलं संथ पाणी आवडतं. दोघेही पिल्लांची राखण करतात, बोफिनमध्ये नर एकटा आणि स्नेकहेडमध्ये आईबाप मिळून. त्यामुळे रंग, ठिपका, सवयी यांवर विसंबून निकाल देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

मासा ओल्या हाताने धरा आणि पोटाकडून बघा. पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे जो पर असतो, तो स्नेकहेडमध्ये लांबच लांब असतो, पाठीवरच्या पराला खालून साथ देत शेपटीजवळपर्यंत जातो. बोफिनमध्ये तोच पर आखूड, बोटभर रुंदीचा असतो. वरून दोघांची पाठ सारखी आणि खालून इतका फरक! ही एक खूण पक्की लक्षात ठेवली तरी पुरे. खात्री करायची असेल तर पोटाच्या परांची जोडी कुठे आहे ते पाहा: स्नेकहेडमध्ये ती कल्ल्यांमागच्या परांच्या अगदी खाली असते, बोफिनमध्ये बरीच मागे, पोटाच्या मध्यावर. तिसरी खूण डोक्याची. स्नेकहेडच्या डोक्यावर मोठाले खवले असतात, सापाच्या डोक्यावर असतात तसे. बोफिनचं डोकं बिनखवल्यांचं, गुळगुळीत आणि हाडांच्या पट्ट्यांचं असतं. त्याच्या खालच्या जबड्याच्या मधोमध हनुवटीखाली एक रुंद हाडाची पट्टीही दिसते. ती स्नेकहेडला नसते.

आतली यंत्रणाही वेगळी आहे. बोफिन हवेसाठी पोटातल्या वायुपिशवीचा फुप्फुसासारखा वापर करतो, तर स्नेकहेडला कल्ल्यांच्या वर त्यासाठी खास पोकळी असते. एका गरजेची दोन घराण्यांनी काढलेली ही स्वतंत्र उत्तरं आहेत, कारण दोघांचं नातं फार दूरचं. बोफिनचं घराणं डायनासोरच्या काळातलं. त्याचे बाकीचे भाऊबंद कधीच नामशेष झाले, आता उरला आहे तो फक्त उत्तर अमेरिकेत. अशा माशाला स्थानिक लोक ‘मडफिश’ म्हणून हिणवतात, खायला बेचव म्हणून काठावर फेकून देतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

स्नेकहेड मात्र आपल्याला ओळखीचा वाटेल, कारण तो आपल्या मरळ माशाचा सख्खा नातेवाईक आहे. ब्रॉवर्डमधल्या टॅमरॅक इथे तो 2000 साली पहिल्यांदा सापडला. बरीच वर्षं त्याला भारतातल्या मोठ्या मरळ माशाचंच शास्त्रीय नाव, चॅना मारुलियस, दिलं जायचं. 2018 मध्ये अभ्यासकांनी म्यानमार-थायलंडकडची चॅना ऑरोलिनिएटा ही जात वेगळी असल्याचं दाखवलं आणि फ्लोरिडातला मासा त्या जातीचा ठरला. आपल्याकडे नदीत आणि तळ्यात ज्या माशांचा वंश शतकानुशतकं नांदतो, त्याचाच भाऊ तिथे उपरा आहे. दोष त्या माशाचा नाही, तो तिथे सोडणाऱ्या माणसाचा आहे.

आणि प्रत्येक परका मासा मारायचाच, असाही नियम नाही. पिकॉक बास दक्षिण अमेरिकेतला, पण तो 1984 मध्ये फ्लोरिडाच्या सरकारी खात्यानेच या कालव्यांत सोडला, तिलापियासारख्या आधीच माजलेल्या परक्या माशांना खाऊन आवरण्यासाठी. त्याला थंड पाणी सोसत नाही, त्यामुळे तो दक्षिणेतच राहतो. आज त्याच्यासाठी दिवसाला दोन माशांची मर्यादा आहे आणि त्यातला एकच 17 इंच किंवा त्याहून मोठा चालतो. स्नेकहेडसाठी तसली मर्यादा नाही.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्याकडे मरळ मासा बाजारात टबातून जिवंत विकला जातो, आणि घरी नेईपर्यंत तो जिवंत असणं हीच ताजेपणाची खात्री. फ्लोरिडात ती सवय अंगाशी येईल. स्नेकहेड तिथे बंदी असलेल्या जातींत मोडतो, परवान्याशिवाय तो जिवंत बाळगता येत नाही. 2002 पासून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानेही स्नेकहेड कुळातल्या माशांच्या जिवंत आयातीला बंदी आहे. ओलसर पिशवीतही तो हवेवर बराच वेळ तग धरतो, म्हणून ‘मेला असेल’ असं समजून चालत नाही. पोटाखालचा लांब पर दिसला, खात्री झाली, की तिथल्या तिथे मारा, बर्फात घाला आणि मगच गाडीत ठेवा. मांस पांढरं आणि घट्ट असतं, रश्श्यात फुटत नाही.