मिड-सेंचुरी मॉडर्न

मिड-सेंचुरी मॉडर्न : दुसऱ्या महायुद्धानंतर, ढोबळमानाने १९४५ ते १९७० या काळात, अमेरिका व उत्तर युरोपात रुजलेली घर, फर्निचर आणि घरगुती वस्तूंची शैली. सपाट किंवा कमी उताराची छपरे, जमिनीपासून छतापर्यंत काचा, मोजक्या भिंती, बारीक पायांचे हलके फर्निचर आणि नक्षीकामाला फाटा ही तिची ओळख. हे नाव त्या काळातले नाही. अमेरिकन लेखिका कॅरा ग्रीनबर्ग यांनी १९८४ मध्ये १९५० च्या दशकातील फर्निचरवरच्या आपल्या पुस्तकाला ते दिले आणि तेथून ते सगळीकडे गेले. या शैलीची चर्चा आज बहुधा खुर्च्यांभोवतीच फिरते. पण त्या घरांत राहणाऱ्यांचे आयुष्य खुर्च्यांनी फारसे बदलले नाही. ते बदलले पाडलेल्या भिंतींनी.

शैलीचे मूळ जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत (१९१९–३३) आहे. नाझी राजवटीच्या दडपणाखाली ती बंद पडली. तिचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस १९३७ मध्ये हार्वर्डला शिकवू लागले, तर शेवटचे संचालक मीस व्हॅन डर रोह शिकागोत स्थिरावले. अमेरिकेत त्यांच्या विचाराला गिऱ्हाईक मिळाले ते युद्ध संपल्यावर. लाखो सैनिक घरी परतले, १९४४ च्या कायद्याने त्यांना घरासाठी सवलतीचे कर्ज मिळू लागले आणि शहरांबाहेर मोकळी जमीन होती. घरे लहान होती आणि घरकामाला नोकर ठेवणे मध्यमवर्गाला परवडत नव्हते. आटोपशीर, पुसायला सोपे, एकट्या माणसाला उचलता येईल असे सामान ही त्यामुळे हौस नव्हती, गरज होती.

अमेरिकन डिझायनर चार्ल्स ईम्स (१९०७–७८) आणि त्यांच्या पत्नी रे ईम्स (१९१२–८८) यांचे काम हे या शैलीचे सर्वांत चांगले उदाहरण. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ठेवलेल्या स्पर्धेत चार्ल्स ईम्स व वास्तुकार एरो सारिनेन यांच्या वाकवलेल्या प्लायवूडच्या खुर्च्यांना बक्षीस मिळाले, पण त्या कारखान्यात मोठ्या संख्येने काढता येईनात. प्लायवूड एका दिशेने मुकाट वाकते. दोन दिशांनी एकदम वाकवू गेले की तडकते. लॉस एंजेलिसच्या भाड्याच्या घरात ईम्स दांपत्याने विजेच्या तारा बसवलेला प्लास्टरचा साचा तयार केला आणि सायकलच्या पंपाने हवा भरून लाकडाचे थर त्यावर दाबायला सुरुवात केली. त्यातून पहिली खपणारी वस्तू निघाली ती खुर्ची नव्हे, तर अमेरिकन नौदलासाठी मोडलेल्या पायाला बांधायची फळी. जिथे बाक जास्त तिथे तिला फटी ठेवल्या होत्या. फटींमुळे लाकूड तडकेना आणि त्यांतूनच बँडेजही ओवता येई. युद्धानंतरच्या खुर्चीत त्यांनी अखंड कवचाचा हट्ट सोडून बैठक आणि पाठ वेगळी केली. अखंड कवच १९५० मध्ये फायबरग्लासने साधले.

सारिनेन यांची अडचण वेगळी होती. टेबला-खुर्च्यांखाली पायांची जी झोपडपट्टी माजते ती साफ करायची, असे ते म्हणत. त्यांच्या ‘ट्यूलिप’ खुर्चीला म्हणून एकच दांडा आहे. सबंध खुर्ची प्लास्टिकची व्हावी ही त्यांची इच्छा मात्र राहून गेली. तेव्हाचे प्लास्टिक बारीक दांड्यावर माणसाचे वजन पेलणारे नव्हते. खालचा भाग ॲल्युमिनियमचा करून त्यावर पांढरा लेप द्यावा लागला. ‘सामग्रीशी प्रामाणिक राहा’, म्हणजे वस्तू कशाची बनली आहे ते लपवू नका, हा या मंडळींचा लाडका मंत्र; तो त्यांच्या एका अतिशय गाजलेल्या वस्तूने मोडला, हे नमूद करायला हवे.

घरांच्या बाबतीत ‘आर्ट्स अँड आर्किटेक्चर’ या मासिकाने १९४५ मध्ये सुरू केलेला ‘केस स्टडी हाउस’ उपक्रम महत्त्वाचा ठरला. त्यातील आठवे घर ईम्स दांपत्याचे स्वतःचे (पॅसिफिक पॅलिसेड्स, लॉस एंजेलिस, १९४९). युद्धानंतरच्या टंचाईमुळे पोलाद यायला उशीर झाला. तोवर तिथल्या गवताळ उताराचा आणि निलगिरीच्या झाडांचा त्यांना इतका लळा लागला, की मूळ नकाशा रद्द करून, जवळजवळ तेवढ्याच पोलादात, झाडांमागे सरकवलेले नवे घर त्यांनी उभे केले. मात्र ही घरे नमुन्यादाखल होती. सामान्य गिऱ्हाइकापर्यंत शैली नेली ती कॅलिफोर्नियातील जोसेफ आयक्लर या बांधकाम व्यावसायिकाने. त्याने सुमारे ११,००० घरे बांधली. रस्त्याकडे जवळजवळ कोरी भिंत, मागे सगळी काच आणि अनेक घरांत मधोमध वाड्याच्या चौकासारखी उघडी जागा असा त्याचा साचा होता.

या नकाशांचा गाभा होता स्वयंपाकघर. पूर्वी ते घराच्या मागच्या बाजूला, दाराआड असे. आता ओटा जेवणाच्या आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेत उघडला. स्वयंपाक करणारीला मुलांवर नजर ठेवता येऊ लागली, पाहुण्यांच्या गप्पांत भाग घेता येऊ लागला. जाहिरातींनी याला मुक्ती म्हटले. काम मात्र तेवढेच राहिले, वर ते आता सर्वांच्या डोळ्यांसमोर आले, त्यामुळे ओटा सदैव लखलखीत ठेवण्याचे ओझे वाढले. पसारा लपवण्यासाठी भिंतीतच कपाटे आली. अमेरिकन डिझायनर जॉर्ज नेल्सन यांची पूर्ण भिंत व्यापणारी कपाटरचना १९४५ ची आहे. औपचारिक दिवाणखाना आक्रसला आणि टीव्हीभोवती बसायची ‘फॅमिली रूम’ वाढली. सरकत्या काचेच्या दारामुळे मागचे अंगण घराचाच भाग झाले. एकांत मात्र कमी झाला. मीस यांनी बांधलेल्या काचेच्या घराच्या (इलिनॉय, १९५१) मालकीण एडिथ फार्न्सवर्थ या डॉक्टर होत्या. खर्चावरून दोघांचे प्रकरण कोर्टात गेले. ओट्याखाली कचऱ्याचा डबा ठेवतानाही तो बाहेरून कसा दिसेल याचा विचार करावा लागतो, ही फार्न्सवर्थ यांची तक्रार प्रसिद्ध आहे.

सर्वांसाठी चांगले घर ही घोषणा अर्धवटच खरी ठरली. न्यूयॉर्कजवळची लेव्हिटटाउन वसाहत (१९४७ पासून) रचनेने आधुनिक नव्हती, पण उपनगरी घराचा बाजार तिने घडवला. तिच्या करारात गोऱ्यांखेरीज कोणी तिथे राहू नये असे कलम होते; नोकरांचा तेवढा अपवाद. आयक्लरने उलट कोणालाही घर विकले आणि भेदभावविरोधी भूमिका घ्यायला तयार नसलेल्या बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेचा १९५८ मध्ये राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी मॉस्कोतील अमेरिकन प्रदर्शनात नमुन्याच्या घरातील स्वयंपाकघराशी उभे राहून अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी कोणाची व्यवस्था श्रेष्ठ यावर वाद घातला. त्या प्रदर्शनाची रचना नेल्सन यांची होती.

स्कँडिनेव्हियात हीच शैली जास्त उबदार झाली, कारण तिथे सुतारकामाची परंपरा तुटली नव्हती. डेन्मार्कच्या हान्स वेग्नर यांच्या ‘विशबोन’ खुर्चीची (१९४९) बैठक कागदाच्या दोरीने हाताने विणतात. एका खुर्चीला सुमारे १२० मीटर दोरी लागते.

भारताशी तिचा संबंध थेट आहे. ग्रोपियस यांचे हार्वर्डमधील विद्यार्थी अच्युत कानविंदे (१९१६–२००२) कोकणातल्या आचऱ्याचे, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले, अहमदाबादची अटिरा ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था आणि कानपूरची आयआयटी त्यांच्या वास्तू. ईम्स दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून दौरा करून १९५८ मध्ये अहवाल दिला. त्यात त्यांनी लोट्याची तारीफ केली आहे. कमरेवर तो कसा बसतो, भरल्यावर आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, धार कशी पडते, असे प्रश्न ते विचारतात. या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. चंडीगडच्या कचेऱ्यांसाठी स्विस वास्तुकार पिएर जानेरे यांनी घडवलेल्या सागवान व वेताच्या खुर्च्या पुढे भंगार म्हणून लिलावात गेल्या, आणि युरोप-अमेरिकेत त्याच लाखो रुपयांना विकल्या गेल्या.

१९७० च्या आसपास शैली मागे पडली. पातळ काचा आणि सपाट छपरे यांमुळे ही घरे उन्हाळ्यात तापत, हिवाळ्यात गारठत, गळतही. १९९० नंतर ती पुन्हा मागणीत आली, ती श्रीमंतांची आवड म्हणून. स्वस्त नकला बाकीच्यांच्या वाट्याला आल्या. ईम्स यांची चामड्याची आरामखुर्ची १९५६ पासून सलग बनते आहे. ब्राझीलच्या ज्या शिसवीचे पापुद्रे तिला लावत, तिच्या व्यापारावर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी आली; त्या सुमारापासून नव्या खुर्च्यांना दुसऱ्या लाकडाचे पापुद्रे लावतात.