दोरीच्या काठावरचं रोप: पांडुरंग सुखात्मे यांचं संख्याशास्त्र

पीक कापणी प्रयोग म्हणजे शेतातला मोजून आखलेला छोटा तुकडा कापून त्यावरून उत्पादनाचा अंदाज बांधणं. त्यासाठी महाराष्ट्रात बहुतेक पिकांना दहा मीटर बाय पाच मीटरचा प्लॉट आखतात. म्हणजे पन्नास चौरस मीटर. पश्चिम बंगालमध्ये याच कामासाठी १.७१४५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ वापरण्याची पद्धत आहे. ते भरतं जेमतेम सव्वानऊ चौरस मीटर. एकाच देशात एकाच कामाची दोन इतकी वेगळी मापं आहेत, कारण १९४० च्या दशकात भारतातल्या दोन मोठ्या संख्याशास्त्रज्ञांमध्ये यावरून कडाक्याचा वाद झाला. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे प्रशांतचंद्र महालनोबिस लहान प्लॉटच्या बाजूने होते. मोठ्या प्लॉटचा आग्रह धरला सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ चा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ मध्ये पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. त्या काळी संख्याशास्त्र शिकायला याहून चांगली जागा जगात नव्हती. येर्झी नेमन, एगॉन पिअर्सन आणि रोनाल्ड फिशर हे तिघेही तिथेच होते, आणि नेमन-फिशर यांचं आपसात मुळीच पटत नव्हतं. सुखात्मे दोन्हीकडून शिकले. १९३६ मध्ये पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्सी. मिळाली. वेगवेगळं विचलन (सरासरीभोवतीचा चढउतार) असलेल्या दोन गटांच्या सरासरींची तुलना कशी करायची, हा फिशर आणि बेरेन्स यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रश्न. त्यासाठी सुखात्मे यांनी हाताने गणित करून तक्ते तयार केले आणि ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले.

पण पुढच्या आयुष्याचा पाया घातला तो १९३५ च्या एका निबंधाने. नेमन यांनी आदल्याच वर्षी दाखवलं होतं की नमुना पाहणीत सगळ्या स्तरांना (एकसारख्या घटकांच्या गटांना) त्यांच्या आकाराच्या प्रमाणात नमुने वाटणं किफायतशीर नसतं. जिथे चढउतार जास्त, तिथे जास्त नमुने घ्यावेत. समजा, एका तालुक्यात १०,००० शेतं आहेत. त्यांपैकी ३,००० बागायती असून तिथल्या उत्पादनाचं प्रमाण विचलन एकरी ६ क्विंटल आहे, आणि ७,००० जिरायती असून तिथे ते २ क्विंटल आहे. एकूण १०० शेतं निवडायची आहेत. आकाराच्या प्रमाणात गेलं तर ३० बागायती आणि ७० जिरायती येतात. नेमन यांच्या नियमाने शेतांची संख्या गुणिले विचलन, म्हणजे १८,००० आणि १४,००० या प्रमाणात वाटणी करायची. ती येते ५६ आणि ४४. आता सरासरीच्या अंदाजाचं प्रसरण, म्हणजे तो किती वरखाली होऊ शकतो याचं माप, ०.१३६ वरून ०.१०२ वर उतरतं. जुन्या वाटणीने एवढी अचूकता हवी असती तर १३३ शेतं मोजावी लागली असती. बैलगाडीने किंवा पायी गावोगाव फिरायच्या दिवसांत तेहतीस शेतं वाचणं ही मोठी गोष्ट होती.

अडचण उघड आहे. पाहणी करण्याआधी विचलन माहीत कुठे असतं? सुखात्मे यांनी नेमका हाच प्रश्न घेतला. आधी प्रत्येक स्तरातून छोटा चाचणी-नमुना घ्या, त्यावरून विचलनाचा कच्चा अंदाज बांधा आणि त्यानुसार मुख्य नमुना वाटा. कच्चा अंदाज चुकणारच, मग फायदा टिकतो का? त्यांनी दाखवून दिलं की चाचणी-नमुना बऱ्यापैकी लहान असला तरी ही वाटणी बहुतेक वेळा साध्या प्रमाणशीर वाटणीपेक्षा सरस ठरते. सिद्धान्त शेतात उतरवताना तो कुठे अडतो हे आधी शोधायचं, ही त्यांची सवय या निबंधापासूनच दिसते.

१९४० मध्ये ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत आले. त्या काळी पिकांचं उत्पादन ठरवायची रीत होती आणेवारीची. ‘सर्वसाधारण’ पीक किती ते ठरलेलं असायचं आणि यंदाचं पीक त्याच्या रुपयात किती आणे आलं ते गावपातळीवर नजरेने ठरवायचं. शेतसारा त्यावर अवलंबून असल्याने आणे कमी सांगण्याकडे कल असणं स्वाभाविक होतं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर असल्या आकड्यांवर अन्नधान्याचं नियोजन करणं धोक्याचं आहे, हे कुणालाही दिसत होतं.

त्याऐवजी जी पद्धत सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी घडवली ती आजही जवळजवळ तशीच चालते. तालुक्यासारख्या प्रत्येक स्तरातून यादृच्छिक (चिठ्ठी टाकल्यासारखी निवडलेली) गावं, प्रत्येक गावातून यादृच्छिक पद्धतीने सर्व्हे नंबर आणि त्यातलं एक शेत, आणि त्या शेतात एक प्लॉट. प्लॉटची जागासुद्धा माणसाने निवडायची नसते. शेताच्या ठरलेल्या कोपऱ्यापासून लांबी-रुंदी पावलांनी मोजतात, त्यातून प्लॉटची लांबी-रुंदी वजा करतात आणि यादृच्छिक अंकांच्या तक्त्यातून दोन आकडे घेतात. तेवढी पावलं लांबीच्या दिशेने आणि तेवढी रुंदीच्या दिशेने चालून पहिली खुंटी ठोकायची. मग टेप लावून चार कोपरे करायचे. दहा बाय पाचच्या आयताचा कर्ण ११.१८ मीटर भरला पाहिजे. दोन्ही कर्ण तेवढे भरले नाहीत तर कोपरे काटकोनात नाहीत, प्लॉट तिरका झाला आहे आणि क्षेत्रफळ पन्नासापेक्षा कमी आलं आहे, असं समजायचं. दोरी ताणून ती जमिनीला टेकवायची, कापणी करायची, तिथेच मळणी करून वजन घ्यायचं. पन्नास चौरस मीटरच्या वजनाला २०० ने गुणलं की हेक्टरी उत्पादन येतं. म्हणजे काट्यावर शंभर ग्रॅम चुकलं की हेक्टरी वीस किलोचा फरक. ओल्या धान्याचं वजन तसंच धरत नाहीत. काही प्लॉटचं धान्य वाळवून पुन्हा तोलतात आणि किती घट येते ते काढून बाकीच्यांना लावतात.

आता वादाचा मुद्दा. महालनोबिस यांचं म्हणणं असं, की लहान प्लॉट थोड्या वेळात कापून होतो. त्याच पैशांत कितीतरी जास्त ठिकाणी कापणी करता येते आणि जास्त ठिकाणं म्हणजे कमी प्रसरण. कागदावर हे पक्कं आहे, आणि त्यांच्याकडे खास प्रशिक्षित माणसंही होती. सुखात्मे यांची शंका होती ती दोरीच्या काठावरच्या रोपांबद्दल.

काठावरच्या रोपाचा नियम सोपा आहे: बुंधा अर्ध्याहून जास्त आत असेल तर घ्यायचं, नाहीतर सोडायचं. प्रत्यक्षात गहू दाट उभा असतो, ताटं झुकलेली असतात, कापणारा मूठभर ताटं एकदम धरून विळा चालवतो. खुंटीभोवती दोरी फिरवून वर्तुळ काढायचं तर उभ्या पिकातून दोरी सरळ फिरत नाही. अशा वेळी आत-बाहेर दोन्ही बाजूंनी सारखीच चूक झाली असती तर ती शेवटी फिटली असती. पण भरलेली ओंबी बाहेर टाकायला हात धजत नाही. चूक एकाच दिशेने होते: रोप आत घेण्याच्या.

समजा, ही चूक काठाबाहेर सरासरी फक्त एक इंच आहे. दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ मग २४ ऐवजी २५ इंचांचं झालं. क्षेत्रफळ, आणि म्हणून धान्य, साडेआठ टक्क्यांनी वाढलं. कृषी परिषदेचा प्लॉट ३३ फूट बाय साडेसोळा फूट, म्हणजे बरोबर एक-ऐंशीअंश एकर. आजचा दहा बाय पाच मीटरचा आयत याचाच मेट्रिक अवतार. त्यात चारही बाजूंना एक इंच वाढला तरी फुगवटा येतो दीड टक्का. बंगालच्या १.७१४५ मीटर त्रिज्येच्या मोठ्या वर्तुळात तो तीन टक्के. चूक तीन इंचांची धरली तर दोन फुटी वर्तुळात साडेसव्वीस टक्के आणि आयतात साडेचार टक्के. आकार वर्तुळाचा आहे का आयताचा, हे इथे गौण आहे. तेवढ्याच क्षेत्रफळाला सगळ्यांत कमी परीघ लागतो तो वर्तुळालाच. खरा घात करतो लहानपणा, कारण प्लॉट लहान होत जातो तसा क्षेत्रफळाच्या मानाने काठ लांब होत जातो.

आणि ही चूक नमुने वाढवून जात नाही. शेताशेतातला फरक सरासरीच्या ४० टक्के असेल तर शंभर प्लॉटनी प्रमाण चूक (नमुन्यामुळे अंदाजात येणारा चढउतार) ४ टक्क्यांवर येते, दहा हजार प्लॉटनी ०.४ टक्क्यांवर. अभिनती, म्हणजे एकाच दिशेने होणारी चूक, मात्र दोन्ही वेळा साडेआठ टक्केच राहते. उलट दहा हजार प्लॉटचा आकडा चुकीचा असूनही जास्त विश्वासार्ह दिसतो. संख्याशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला हे सूत्र पाठ असतं, पण त्याचा अर्थ इतक्या लख्खपणे दाखवणारं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

सुखात्मे वादावर थांबले नाहीत. त्यांनी मुरादाबाद जिल्ह्यातल्या गव्हाच्या शेतांमध्ये वेगवेगळ्या आकारांचे त्रिकोणी आणि वर्तुळाकार प्लॉट कापून तुलना केली. प्लॉट लहान होत गेला तसा उत्पादनाचा अंदाज वर चढत गेला. १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी हे मांडलं. महालनोबिस यांनीही उत्तर दिलं. प्रशिक्षण आणि देखरेख चोख असेल तर फार लहान नसलेल्या प्लॉटमध्ये अभिनती आटोक्यात राहते, हा त्यांचा मुद्दा निराधार नव्हता. पण देशभर ही कापणी करणार होते ते महसूल आणि कृषी खात्याचे नेहमीचे कर्मचारी, आपली बाकीची कामं सांभाळून. त्यांच्या हातून होणाऱ्या चुका पचवू शकेल असं माप सुखात्मे यांनी निवडलं, आणि माझ्या मते ते योग्यच होतं. आज पीक विम्याची भरपाई मुख्यतः याच प्रयोगांवर ठरते. उत्पादन फुगलं की तूट कमी दिसते आणि शेतकऱ्याच्या हातात कमी पैसे पडतात, म्हणजे काठावरच्या त्या इंचाची किंमत आता थेट मोजता येते.

१९४७ मध्ये भारतीय कृषी सांख्यिकी सोसायटी उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष राजेंद्र प्रसाद. १९५१ मध्ये सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत रोमला गेले आणि १९७० पर्यंत तिथल्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख राहिले. नमुना पाहणीवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक आणि पानसे यांच्याबरोबर कृषी संशोधकांसाठी लिहिलेलं पुस्तक ही दोन्ही १९५४ ची. कृषी विद्यापीठांत दुसऱ्याला सगळे नुसतं ‘पानसे-सुखात्मे’ म्हणतात.

रोममध्ये प्रश्न बदलला: जगात उपाशी किती? दोन तृतीयांश माणसं, असं तेव्हा सर्रास म्हटलं जायचं. हा आकडा देशांच्या सरासरी पुरवठ्यावरून आलेला होता. सुखात्मे यांनी १९६१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे हिशेब मांडला, की जगातले दहा ते पंधरा टक्के लोक अपुरं खातात, आणि आहाराचा कसही धरला तर भूक किंवा कुपोषण निम्म्यापर्यंत पोचतं. त्यांचा मुख्य आक्षेप सरासरीवर होता. समजा, एका वयाच्या, एका वजनाच्या आणि एकच काम करणाऱ्या माणसांची रोजची सरासरी गरज २,४०० कॅलरी आहे. प्रत्येकाची गरज मात्र वेगळी, कुणाची २,१००, कुणाची २,७००. प्रत्येकाने आपल्या गरजेइतकंच पोटभर खाल्लं तरी साधारण निम्मी माणसं २,४०० च्या खाली दिसणार. सरासरीला दारिद्र्याची किंवा भुकेची रेषा केली की ही निम्मी उपाशी ठरतात, आणि त्यांतला एकही उपाशी नसतो.

निवृत्तीनंतर पुण्यात परतल्यावर ते याच्याही पुढे गेले. अमेरिकी आहारशास्त्रज्ञ शेल्डन मार्जेन यांच्याबरोबर त्यांनी मांडलं, की एकाच माणसाची गरजसुद्धा दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते आणि शरीर स्वतःच ती एका पट्ट्यात सांभाळून घेतं. म्हणून रेषा सरासरीवर नको, सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करून ओढावी. यावर अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी जोरदार हरकत घेतली. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दिलेली दारिद्र्याची रेषा २,२५० कॅलरींवर बेतलेली होती. पुण्यातल्याच दोन विचारवंतांमधला हा वाद देशाच्या दारिद्र्याच्या आकड्यावर होता.

दांडेकरांची बाजू इथे भक्कम वाटते. रेषा खाली नेली की ज्याची गरज २,७०० आहे पण मिळतात २,०००, असा खरोखर उपाशी माणूसही यादीतून गळतो. शिवाय कमी अन्नावर शरीर ‘जुळवून घेतं’ याचा अर्थ ते काही गमावत नाही असा होत नाही. वजन उतरतं, काम कमी होतं, मुलांची वाढ खुंटते. सरासरी ही चुकीची रेषा आहे हा संख्याशास्त्राचा भाग सुखात्मे यांनी निर्विवाद दाखवला. शरीर कुठपर्यंत विनातोटा सांभाळून घेतं, हा जीवशास्त्राचा भाग तेवढा पक्का नव्हता.

प्रथिनांबाबत मात्र काळाने त्यांनाच कौल दिला. १९६० च्या दशकात जगभर ‘प्रथिनांची तूट’ भरून काढण्यासाठी खास प्रथिनयुक्त पिठं आणि पावडरी बनवण्याचा मोठा गाजावाजा होता. सुखात्मे यांनी १९७० मध्ये भारतातल्या आहाराची आकडेवारी तपासून सांगितलं, की डाळ-धान्याच्या आहारात ज्यांना पुरेशा कॅलरी मिळतात त्यांच्यात प्रथिनं कमी पडलेले थोडेच सापडतात. एकूण अन्नच अपुरं असेल तर शरीर प्रथिनंसुद्धा इंधन म्हणून जाळतं, म्हणून आधी पोटभर अन्न. १९७० च्या दशकातच आहारशास्त्राने आपली भूमिका याच दिशेने बदलली.

त्यांना १९७१ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९९७ मध्ये ते वारले. अन्न आणि कृषी संघटना दरवर्षी जगातल्या अपुऱ्या पोषणाचा जो आकडा जाहीर करते, तो आजही सरासरी पुरवठ्यावर थांबत नाही. लोकसंख्येत अन्न कसं विभागलं आहे याचं वितरण बांधायचं आणि किमान ऊर्जागरजेच्या रेषेखाली किती भाग येतो ते मोजायचं, ही त्याची बैठक १९६१ च्या त्या हिशेबापासून आली आहे. ती किमान रेषा नेमकी कुठे ओढावी, यावरचा वादही तिथूनच सुरू आहे.