फोटोखालची ओळ

वर्तमानपत्रात फोटो काढणारा एक असतो आणि त्याखालची फोटोओळ लिहिणारा बहुतेक वेळा दुसराच. माध्यमांतल्या प्रतिमांच्या अभ्यासाला खरी धार आली ती या दोघांमधल्या अंतराकडे लक्ष गेल्यावर, असं माझं मत.

१८४२मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' हे साप्ताहिक निघालं, तेव्हा बातमीतलं चित्र लाकडात कोरून छापत. मोठं चित्र घाईनं हवं असलं, की ठोकळ्याचे तुकडे कारागिरांमध्ये वाटले जात. एकाच्या वाट्याला आभाळ, दुसऱ्याच्या वाट्याला गर्दी. मग तुकडे स्क्रूनं पुन्हा आवळायचे. जुन्या अंकांत हे सांधे कधीकधी बारीक पांढऱ्या रेघांसारखे उमटलेले दिसतात. मधे माणसाचा हात आहे, हे लपत नव्हतं.

हाफटोननं, म्हणजे फोटो बारीक ठिपक्यांत फोडून छापण्याच्या पद्धतीनं, तो हात झाकला. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक'नं एका झोपडवस्तीचा फोटो ठिपक्यांच्या जाळीतून छापला. १९३५पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था टेलिफोनच्या तारांवरून फोटो धाडू लागली. फोटो म्हणजे पुरावा, ही समजूत तोवर पक्की झाली होती.

तिला तडा देणारा एक किस्सा जिझेल फ्रॉइंड यांनी लिहून ठेवलाय. त्या स्वतः छायाचित्रकार, शिवाय १९३६मध्ये पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात छायाचित्रणाच्या समाजशास्त्रावर प्रबंध लिहिलेल्या. दुसऱ्या महायुद्धाआधी त्यांनी पॅरिसच्या शेअर बाजाराबाहेर एका दलालाचे फोटो काढले. कधी तो हसतोय, कधी घाम पुसतोय, कधी हातवारे करतोय. साध्या शीर्षकाखाली ते निरनिराळ्या नियतकालिकांना गेले. बेल्जियमच्या एका पत्रात ते तेजीची बातमी म्हणून आले. एका जर्मन पत्रात तेच फोटो, तोच दलाल, पण बातमी बाजार कोसळल्याची! फोटोत कुणी काडीचाही फरक केला नव्हता.

याला शास्त्राची भाषा दिली फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ यांनी, १९६४च्या एका निबंधात. त्यांनी निवडली होती पान्झानी कंपनीची पास्त्याची जाहिरात: अर्धवट उघडी जाळीची पिशवी, त्यातून डोकावणारी पाकिटं, टोमॅटो, कांदे. ताजेपणा आणि 'इटालियनपणा' नुसत्या चित्रातूनही पोचतो. चित्राचे अर्थ अनेक. शब्द त्यांतल्या एकापाशी गलबत नांगरून ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या दशकात ब्रिटनमधले माध्यम-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी नजर संपादकाच्या टेबलाकडे वळवली: ढिगातला नेमका हाच फोटो का उचलला? नव्वदच्या दशकात 'चित्राकडे वळण' (अभ्यासाचा रोख शब्दांकडून चित्रांकडे वळणं) वगैरे संज्ञा आल्या. त्यांनी विद्यापीठांत विषयाला जागा मिळाली, पण फ्रॉइंडच्या दलालाइतकं शिकवणारं त्यांत मला फारसं सापडलं नाही.

दरम्यान फोटोही बदलता येऊ लागला. फेब्रुवारी १९८२च्या 'नॅशनल जिओग्राफिक'नं आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसवायला गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले. फोटोशॉप बाजारात आलं १९९०ला, तेव्हा सगळं खापर त्याच्यावर फोडण्यात अर्थ नाही.

आणि फसवायला आजही एवढा खटाटोप लागत नाही. जुना, अस्सल, कुठलाही हात न लागलेला फोटो घ्यायचा आणि खाली नवी ओळ टाकायची. म्हणून आता अभ्यासक एकच फोटो धरून त्याचा माग काढतात: तो आधी कुठे दिसला, पुढे कुठे गेला, आणि प्रत्येक मुक्कामी त्याखाली काय लिहिलेलं होतं.